दार कोणासाठी उघडते?

केडगावची जमीन पंडिता रमाबाईंनी घेतली ती फळबागेसाठी. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांच्या शाळा-वसतिगृहाला, दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते आणि ती मुदत १८९८ च्या सुमारास संपत होती. पुढे संस्था कशाच्या जोरावर चालवायची, हा रोकडा प्रश्न होता. म्हणून पुणे-सोलापूर लोहमार्गावर, आजच्या दौंड तालुक्यात, त्यांनी माळरान घेतले, विहिरी खणल्या, झाडे लावली. फळे विकायची आणि सदनाचा खर्च भागवायचा, इतका साधा हिशेब. झाडे अजून हाताशी आलेली नव्हती तोच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, टाकलेल्या बायका, बालविधवा घेऊन परतल्या. एकदोन नव्हे, शेकड्यांनी. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि एवढी माणसे शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. जागा उरली ती केडगावची. बागेच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून पुढे मुक्ती मिशन झाले.

आपल्या मंडळीत साक्षीच्या सभेला ही गोष्ट निघाली, की देवाने आधीच जागेची सोय करून ठेवली होती, असे सांगतात. एखादा व्यवस्थापनाचा प्राध्यापक तीच गोष्ट दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगेल. दोन्ही सांगणी खोटी नाहीत, पण दोन्हींत मधला भाग गाळला जातो. जमीन घेताना रमाबाईंना जी संधी दिसत होती ती संस्थेच्या उत्पन्नाची होती. दुष्काळाने समोर आणून उभे केले ते उत्पन्न नव्हते, खर्च होता; तोही असा, की ज्याचा अंत दिसत नव्हता. मदतीची मुदत संपत आलेल्या बाईने त्या वेळी हात आखडता घेतला असता तर तिला कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तो घेतला नाही, याचे कारण दूरदृष्टीत सापडत नाही. ते मागे, वीस वर्षे मागे आहे. १८७६ च्या आसपासच्या दुष्काळात रमाबाईंनी आपले वडील, आई आणि बहीण उपासमारीने खंगून गेलेली पाहिली होती. अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासारखा विद्वान माणूस, ज्याने लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, तो अन्नावाचून गेला. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. मध्य प्रांतातल्या रस्त्याकडेच्या मुली रमाबाईंना परक्या वाटल्याच नसतील.

आयुष्यात येणारी संधी ओळखायची कशी आणि ओळखली तर तिला सामोरे जायचे कसे, हा, ज्याची ही प्रस्तावना आहे त्या पुस्तकाचा विषय आहे. आणि तो ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने मांडलेला आहे. पुस्तक वाचून मला जे सांगावेसे वाटते ते एकच आहे आणि ते लेखकांच्या प्रत्येक प्रकरणाशी जुळेलच असे नाही. ख्रिस्ती माणसाला मिळालेली संधी बहुधा दुसऱ्याची गरज बनून येते. ज्याला ती मिळते त्याच्यापुरतीच ती संपत असेल, तर तिला नशीब म्हणावे, कर्तबगारी म्हणावी, हवे ते म्हणावे. पाचारण म्हणू नये.

हे सांगावे लागते, कारण अलीकडे व्यासपीठावरून वेगळेच ऐकू येते. जानेवारी उजाडला की 'दार उघडण्याचे वर्ष' म्हणून वचनाची दिनदर्शिका घरोघर येते. मोबाइलवर रोज सकाळी कोणी ना कोणी भाऊ सांगत असतो, की या महिन्यात तुमची बढती, तुमचा व्हिसा, तुमचा प्लॉट देवाने लिहून ठेवला आहे. फक्त विश्वासाने 'आमेन' लिहा आणि पुढे पाठवा. मला या मंडळींची थट्टा करायची नाही. नगर-जालना भागात ज्या घरांत तीन-चार पिढ्यांपूर्वी अक्षर नव्हते, गावकुसाबाहेर ज्यांचे आयुष्य ठरलेले होते, त्या घरांतली पहिली मुलगी नर्स झाली, पहिला मुलगा गुरुजी झाला, तेव्हा घरच्यांनी गुडघे टेकून देवाचे उपकार मानले, हे अगदी योग्य होते. मिशनची शाळा ही त्या घरांसाठी संधीच होती. दुसरा शब्द नाही. नगरच्या मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांना काय सुचवले आणि सावित्रीबाईंनी तिथे कसे शिक्षण घेतले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या समाजातून निघालेले शिक्षक आणि परिचारिका यांची पिढी त्याच वाटेवरची. पण ती पिढी जिथे नेमली गेली तिथे राहिली, आडगावच्या शाळेत राहिली, दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, आणि तिच्यामुळे आणखी दहा घरांत पाटी-पेन्सिल आली. आजच्या 'दार उघडण्या'त हे पुढचे दहाजण कुठे असतात, एवढेच विचारायचे आहे.

बायबल याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा कडक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातला थैल्यांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो: धनी परदेशी जातो, एका चाकराला पाच थैल्या देतो, एकाला दोन, एकाला एक. रविवारच्या शाळेत आपल्याला शिकवतात, की ज्याच्याकडे कमी गुण होते त्यानेही ते वापरायला हवे होते. पण त्या एका थैलीची किंमत कोणी सांगत नाही. त्या काळच्या मजुरीने मोजले तर ती जवळपास वीस वर्षांची कमाई भरते. तिसऱ्या चाकराला थोडके मिळाले, म्हणून त्याने ते पुरले, ही सबब टिकत नाही. त्याने पुरले ते भीतीपोटी. आणि हेही लक्षात घ्यावे, की धन जमिनीत पुरणे हा त्या काळी मूर्खपणा नव्हता, शहाणपणाच होता. आपल्याकडेही हंडे पुरून ठेवणारी माणसे गावातली सावध, संसारी माणसे असत. येशूचा ठपका आळसापेक्षा या सावधपणावर अधिक आहे. ज्याने काही चोरले नाही, काही उधळले नाही, आलेले जसेच्या तसे परत केले, तोच माणूस बाहेर टाकला जातो. बँकेतली मुदतठेव मोडायला घाबरणाऱ्या आपल्या मंडळीच्या विश्वस्तांनी हा दाखला वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचावा.

यरीहोचे दोन प्रसंगही असेच एकत्र वाचायला हवेत. एक आंधळा भिकारी, मार्क त्याचे नाव बार्तीमय सांगतो; दुसरा जकातदारांचा मुख्य जक्कय. एकाकडे घोंगडीशिवाय काही नाही, दुसऱ्याकडे लोकांना नाडून जमवलेले सगळे आहे. येशू त्या गावावरून एकदाच जातो आहे. दोघांनाही ते कळले आहे. आणि दोघांच्या आड येतात ते येशूचे विरोधक नव्हेत; त्याच्याबरोबर चाललेली गर्दी आड येते. भिकाऱ्याला ती गप्प बसवते, ठेंगण्या जक्कयाला पुढे काही दिसू देत नाही. सोबत चालणाऱ्यांनीच वाट अडवावी, हे आपल्या मंडळ्यांनाही काही अगदी अनोळखी नाही. बार्तीमयाने अंगावरचे वस्त्र टाकून धाव घेतली. जक्कयाची प्रतिष्ठा झाडावर चढताना गेली असेल ती गेली, पण त्याला खरी किंमत मोजावी लागली ती घरी. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट. जक्कयाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी त्याच्या तिजोरीला फार महाग पडली. तिचा पैशातला लाभ यरीहोच्या इतर लोकांना झाला, आणि या बाजूने जक्कयाकडे पाहणारी प्रवचने मी फार कमी ऐकली आहेत.

बंद दारांविषयी या पुस्तकात एक चांगले प्रकरण आहे, ते प्रेषितांच्या कृत्यांतल्या सोळाव्या अध्यायावर. पौल आणि त्याचे सोबती आसिया प्रांतात वचन सांगायला निघतात, तिथे त्यांना मना होते. बिथुनियाकडे वळतात, तिथेही मना. दोन्ही वेळा ते काही पाप करायला निघालेले नव्हते. शेवटी त्रोवसच्या बंदरात रात्री दृष्टान्त होतो: मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतो आहे. ते समुद्र ओलांडून फिलिप्पीला जातात. तो माणूस काही भेटत नाही. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटतात, आणि त्यांतली पहिली ऐकणारी म्हणजे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया. ती मूळची थुवतीराची. म्हणजे ज्या आसिया प्रांताचे दार पौलाला बंद झाले होते त्याच प्रांतातली. लेखकांनी हा तपशील ओझरता सांगितला आहे. मी असतो तर त्यावर दोन पाने खर्ची घातली असती. दृष्टान्त खरा असला तरी त्यातला चेहरा जसाच्या तसा समोर येईल, अशी हमी नसते. मासेदोनियाचा पुरुष शोधत बसलेला माणूस नदीवर गेलाच नसता.

रमाबाईंचे आयुष्य असल्या बंद दारांनी भरलेले आहे. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा पटकीने ते गेले. पदरी तान्ही मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' लिहून तिच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. जायचे होते वैद्यक शिकायला. तिथे गेल्यावर कळले, की ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होणे शक्य नाही. हे दार बंद झाले नसते तर हिंदुस्थानाला एक स्त्री-डॉक्टर मिळाली असती. ती आनंदीबाई जोशींच्या रूपाने तशीही मिळाली. वैद्यकाची वाट बंद झाली म्हणून रमाबाई शिक्षिका झाल्या, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या, आणि १८८६ मध्ये आनंदीबाईंच्याच पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी बालवाडीची शिक्षणपद्धती आत्मसात केली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिले, आणि त्यातून शारदा सदनाची मदत उभी राहिली. हे सगळे इतके सरळ रांगेत मांडता येते ते आपण आज मागे वळून पाहतो म्हणून. १८८३ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात बसलेल्या, कानांनी अधू, विधवा, पंचविशीतल्या बाईला ही रांग दिसत नव्हती.

त्यांच्या विश्वासाचा उगमही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना नवऱ्याच्या पुस्तकांत सापडली होती. पण त्यांना हलवले ते इंग्लंडमधल्या फुलहॅमच्या एका आश्रमाने. समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा तिथे मठातल्या भगिनी करत होत्या. आपल्याकडे ज्या बाईची सावली नको, तिच्यासाठी कोणी आयुष्य का द्यावे, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली: भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली ती बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ज्या संस्थेने रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवले ती त्यांच्यासाठी काढलेली नव्हती. कोणीतरी दुसऱ्या कोणाच्या गरजेला हाक दिली होती, आणि ते काम चालू असताना रमाबाई तिथे येऊन पोहोचल्या. केडगावला पंधराएक वर्षांनी जे झाले त्याचा नकाशा इथे होता. आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या कोणाच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचावा; श्रद्धेच्या एकेका कलमावर ही मुलगी कशी हुज्जत घालते ते पाहून आजच्या पाळकांनाही घाम फुटेल.

आता कठीण भाग. दुष्काळाला संधी म्हणायचे का? दुष्काळात मिशनऱ्यांनी माणसे जमवली, भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मे दिले, हा आरोप जुना आहे, आणि रमाबाईंवर तर तो आधीपासूनच होता. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'ने रान उठवले, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हा इतिहास झाकून 'संधी'वर पुस्तक लिहिले तर ते पुस्तक म्हणजे जाहिरात होईल. लेखकांनी तो झाकलेला नाही, हे मला आवडले. माझे मत असे: दुसऱ्याच्या संकटात स्वतःच्या संस्थेची, संप्रदायाची, आकड्यांची वाढ पाहणे ही संधिसाधू वृत्ती आहे, मग तिला कितीही वचने जोडा. आणि तरीही उपाशी माणसापुढे, आपल्यावर आरोप होईल म्हणून हात मागे घेणे हे त्याहून वाईट. रमाबाईंच्या कामाची परीक्षा मी एका गोष्टीवर करतो. त्या मुली पुढे काय झाल्या? केडगावात त्या विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखाना शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले तेव्हा त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनी. हे भाषांतर रमाबाई गेल्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि शारदा सदनातल्या गोदूबाई नावाच्या विधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले. ती ख्रिस्ती झाली नाही. पण सदनाचे दार तिच्यासाठीही उघडले होते.

रमाबाईंआधी जवळपास तीन शतके, गोव्यातल्या राशोलच्या एका जेझुइटानेही दुसऱ्यांची अशीच एक गरज ओळखली होती. थॉमस स्टीफन्स इंग्रज होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात त्याच्या कॅथलिक श्रद्धेला जागा नव्हती. तो १५७९ मध्ये गोव्याला आला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणे गेली होती, म्हणजे काढून घेतली गेली होती, हे स्पष्ट म्हटलेले बरे. आणि त्या रिकाम्या जागी ऐकायला, म्हणायला काही नव्हते. स्टीफन्सने परक्या भाषेत उतरून ओवी हाती घेतली आणि १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. या माणसावर स्वतंत्र प्रकरण नाही; पानांच्या मर्यादेत ते बसले नसेल.

रेव्हरंड टिळकांवरचे प्रकरण मात्र सगळ्यांत आधी वाचले जाईल. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात नारायण वामन टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणे संस्कृत काव्यावर चालले होते. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इतकी सुबक आहे, की प्रवचनकारांच्या हाती ती सुटून कशी राहील? पण हीच गोष्ट टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहा. वडिलांच्या सोवळ्याने जेरीस आलेल्या घरात वाढलेली मुलगी, कोवळ्या वयात लग्न, नवरा घरातून केव्हा कुठे निघून जाईल याचा नेम नाही, आणि एक दिवस कळते, की तो धर्मच सोडून गेला. लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेली ती वर्षे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहेत. लक्ष्मीबाई स्वतःवर आणि टिळकांवर इतके हसतात, की त्या हसण्याखालचे दुःख चटकन लक्षात येत नाही. एकाच्या आयुष्यात उघडलेले दार दुसऱ्याच्या तोंडावर आपटले होते.

म्हणून मला टिळकांच्या आगगाडीपेक्षा लक्ष्मीबाईंची सावकाश वाट अधिक शिकवून जाते. त्या नवऱ्याकडे परतल्या, पण परतल्या त्या आपले सोवळे, आपली वेगळी चूल सांभाळत. कोणी त्यांच्यावर घाई केली नाही. टिळकांनीही नाही, आणि हे टिळकांच्या इतर अनेक गुणांपेक्षा मला मोठे वाटते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केला, हे त्यांचे त्यांनाच एकदा पटले, तेव्हा त्यांनी इतरांच्या हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. जी बाई ना कोणत्या शाळेत गेली, ना कोणत्या परीक्षेला बसली, तिने टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. त्यातला मोठा भाग तिचाच आहे. मग साठी उलटल्यावर 'स्मृतिचित्रे' आले आणि मराठी गद्याला नवे वळण लागले. संधी तरुणपणीच येते असे मानणाऱ्यांनी या तारखा ध्यानात घ्याव्यात.

टिळकांचीही शेवटची दोन वर्षे विसरू नयेत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. पंचावन्नच्या आसपासच्या, प्रकृती साथ न देणाऱ्या माणसाने सुरक्षित जागा सोडणे याला नातेवाईक काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

जवळच्या काळातले उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्यासारखे आहेत. इस्पितळ कितीही मोठे केले तरी रांग कमी होणार नाही. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. दुष्काळी तालुका, रस्ते नाहीत, पाणी नाही. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, आणि टिकल्या तरी गावच्या बायका त्यांच्याजवळ मोकळ्या होईनात. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, अनेक दलित, काही टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग, क्षयाची लक्षणे, सारे शिकवले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागी आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडचे प्रकरण होते; १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या पुस्तकाच्या विषयाला लागू पडणारा मुद्दा पुरस्काराचा नाही. डॉक्टरांना मिळालेली संधी त्यांनी स्वतःकडे ठेवली असती तर जामखेडला एक चांगले इस्पितळ झाले असते आणि दारात गाड्या लागल्या असत्या. त्यांनी डॉक्टरकीतले जितके वाटता येईल तितके वाटून टाकले. ज्या बाईला गावात कोणी पाणी विचारत नव्हते, तिलाच रात्री-बेरात्री बाळंतिणीसाठी बोलवायला पाटलाच्या घरून माणूस येऊ लागला, तो या वाटणीमुळे.

उघडे दिसणारे प्रत्येक दार आपलेच असते, असेही नाही. जून १९३९ मध्ये जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर न्यूयॉर्कला पोहोचला. मित्रांनी त्याच्यासाठी काम शोधून ठेवले होते; युद्ध आणि हिटलर दोन्हींपासून सुटका. महिन्याभरातच तो परत फिरला. आपल्या लोकांच्या संकटात आपण त्यांच्याबरोबर नसलो तर युद्धानंतर त्यांच्या उभारणीत भाग घ्यायचा आपल्याला काही हक्क राहणार नाही, असा त्याचा विचार होता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. दुबईचे किंवा टोरांटोचे पत्र आलेल्या प्रत्येक तरुणाने ते फाडावे, असा याचा अर्थ नाही. घरावर कर्ज असेल, बहिणीचे लग्न असेल, तर जावे आणि मनापासून कमवावे. फक्त ते पत्र मंडळीत साक्ष म्हणून वाचून दाखवण्याआधी घरात, दोनचार जाणत्या माणसांत, त्यावर शांतपणे बोलणे व्हावे. देवाची इच्छा एकट्याच्या कानात जितकी स्पष्ट ऐकू येते तितकीच ती चारचौघांत तपासून घ्यावी लागते, हे पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनाही कळत होते.

पुस्तकाच्या वापराविषयी दोन शब्द. ही प्रकरणे एकट्याने सलग वाचून संपवण्यासाठी नाहीत. महिला मंडळात, तरुणांच्या संघात, घरोघरच्या प्रार्थनेत एकेक घ्यावे. प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न दिले आहेत; त्यांतले 'तुमच्या आयुष्यात देवाने कोणते दार उघडले?' या थाटाचे प्रश्न मी सरळ वगळीन, कारण त्यांची उत्तरे आपल्याला पाठ आहेत. 'तुमच्या मंडळीच्या हद्दीत आज कोण अडचणीत आहे, आणि त्याचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का?' हा सातव्या प्रकरणातला प्रश्न मात्र सोडू नये. तिथे गप्पा थांबतात, आणि थांबाव्यात.

एक गोष्ट लेखकांना मी पत्राने कळवली आहे, ती इथेही नोंदवतो. १८८३ मध्ये रमाबाई आणि छोटी मनोरमा इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत नावाची तरुणी होती. तीही शिकायला निघालेली, तीही तितकीच धाडसी. परक्या देशात, परक्या धर्माच्या वातावरणात तिच्या मनावरचा ताण तिला पेलवला नाही, आणि वाँटेजला तिने स्वतःचा जीव घेतला. रमाबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला झाला. एकाच बोटीतून, एकाच संधीच्या मागे दोघी गेल्या होत्या. रमाबाईंच्या प्रकरणात आनंदीबाईंचे नाव एकदा येते, तेही कंसात. श्रद्धेने ज्यांना तारले त्यांच्यावर आपण ग्रंथ लिहितो. त्याच वाटेवर जी कोसळली तिला आपण काय द्यायला हवे होते, कोणी तिच्याजवळ बसायला हवे होते, याचा विचार या पुस्तकात नसेल तर तो कुठे होणार? दुसऱ्या आवृत्तीत तिच्यावरचे प्रकरण यावे. त्यासाठी लागणारी पाने माझ्या या प्रस्तावनेतून कापली तरी माझी हरकत नाही.